कप्पीला तेल

"मन एकाग्र करा" असं मला ज्या ज्या माणसांनी सांगितलं, त्या सगळ्यांना एकदा ओळीनं कड्याच्या काठावर पाठमोरं उभं करावं आणि म्हणावं, हं, करा आता एकाग्र. गेली दोन वर्षं ही इच्छा माझ्या मनात आहे आणि ती काही कमी होत नाही. यादी मोठी आहे. तीत शिबिराचे प्रमुख आहेत, आमच्या शाळेचे गणिताचे सर आहेत, खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताई आहेत, माझा नवरा आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसलेला एक हसरा प्रशिक्षकही आहे. त्याची आणि माझी प्रत्यक्ष गाठ पडणार नाही, हे त्याचं नशीब. यादीत नाहीत ते फक्त माझे सासरे. आणि गंमत अशी की त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त राग आला तो त्यांचाच.

मी धाराशिवच्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. बावीस वर्षं झाली. खो-खो, कबड्डी, लेझीम, पंधरा ऑगस्टचं संचलन हे सगळं आहेच, पण तेरा वर्षांपूर्वी मी एक नवीन उद्योग डोक्यावर घेतला. पाऊस सरला की नववीच्या मुलींना येडशीच्या बाजूला घेऊन जायचं आणि एका शेतकऱ्याच्या पडीक रानातल्या कड्यावरून दोरानं खाली उतरवायचं. याला रॅपलिंग म्हणतात. कडा असेल साठेक फूट. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस बांधतात. दोर आठाच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या एका धातूच्या तुकड्यातून ओवतात, त्याला आम्ही नुसतं 'आठ' म्हणतो. मग दरीकडं पाठ करायची, मागं झुकायचं आणि भिंतीवरून चालल्यासारखं एकेक पाऊल टाकत खाली यायचं. सांगायला एवढं सोपं आहे. सगळी मेख त्या मागं झुकण्यात आहे.

पहिल्या अकरा वर्षांत मी स्वतः एकदाही उतरले नव्हते. मी खाली उभी राहायची, दोराचं टोक धरायची, शिट्टी वाजवायची आणि "गुडघे सरळ! पाय फाका! शाब्बास!" असं घसा फाटेपर्यंत ओरडायची. खाली उभ्या असलेल्या शिट्टीवाल्या बाईला कुणी विचारत नाही की बाई, तुम्ही कधी वरून आलात का. मुलींना वाटायचं बाई शेकडो वेळा उतरल्या असतील. मीही तसं वाटू दिलं. यात माझा लबाडपणा होता, हे कबूल करते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शिबिराचे प्रमुख बदलले. नवे गृहस्थ सोलापूरकडचे, कमी बोलणारे. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम सांगितला की आधी बाई उतरतील, मग मुली. ज्या शाळेच्या बाई उतरणार नाहीत, त्या शाळेच्या मुली येणार नाहीत. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. माझ्या यादीत चौदा मुली होत्या. त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, "मी आहे ना सोबत" असं सांगून मी एकेका बापाची सही मिळवली होती. आमच्याकडं मुलीला कड्यावर पाठवायला बाप एकदा कसाबसा हो म्हणतो. एका वर्षी शिबिर रद्द झालं, तर पुढच्या वर्षी त्या घरातून परत हो निघत नाही, धाकट्या बहिणीसाठीही निघत नाही. म्हणजे मी उतरले नाही तर अकरा वर्षांचं सगळं काम तिथंच संपणार होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी प्रयत्न केला. मुली बघायला आल्या होत्या. मी काठावर पाठमोरी उभी राहिले. प्रमुख म्हणाले, "बाई, मागं झुका." मी झुकले नाही. मला वाटत होतं मी झुकतेय, पण शरीर जागचं हलत नव्हतं. वीस मिनिटं मी तशी उभी होते. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! गॅसवर दूध ठेवून आले का, नववीच्या हजेरीवर सही राहिली का, मेले तर या हिरव्या ट्रॅकपँटमध्येच मरणार का. शेवटी मी गुडघ्यांवर बसून रांगत मागं आले. चौदा मुलींसमोर. कुणी हसलं नाही, आणि त्याचंच जास्त लागलं. प्रमुख म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या रविवारी या. ती शेवटची संधी. आणि बाई, जरा मन एकाग्र करा."

तिथून सुरू झालं. गणिताचे सर म्हणाले श्वास मोजा. चार आत, चार थांबा, चार बाहेर. मी मोजायला लागले तर श्वासच अडखळायला लागला. आजवर न मोजता बरा चालत होता. ब्लाउजवाल्या ताईंनी दिव्याच्या ज्योतीकडं टक लावून बघायला सांगितलं. नवरा म्हणाला, "तू उगाच विचार करतेस, विचारच करू नकोस." हा सल्ला देणाऱ्या माणसानं आदल्या आठवड्यात स्कूटरचा रंग ठरवायला चार दिवस घेतले होते.

त्यातच शिक्षकांसाठी मनाच्या तयारीचं एक ऑनलाइन प्रशिक्षण लागलं. सक्तीचं. शिकवणारा प्रशिक्षक मूळचा बर्फावरच्या स्कीइंगचा. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, तो खेळ. सप्टेंबरची दमट दुपार, लाइट गेलेली, मी मोबाइल भिंतीला टेकवून ओढणीनं वारा घेत बसलेली, आणि पडद्यावरचा तो माणूस स्वेटर घालून सांगतोय, "डोळे मिटा. समोर पांढराशुभ्र उतार आहे. गालांना थंड वारा लागतोय." माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरी सरकारी काम म्हणून मी डोळे मिटले.

त्यानं एक गोष्ट मात्र चांगली सांगितली. उतारावर झाडं असतात. घसरताना झाडाकडं बघत राहिलं तर माणूस नेमका झाडावरच जाऊन आदळतो, कारण नजर जाते तिकडं शरीर जातं. म्हणून झाडांकडं बघायचं नाही, झाडांमधल्या रिकाम्या जागेकडं बघायचं. बाकीच्या शिक्षकांनी अंगठ्याची चित्रं पाठवली. मी हात वर करून विचारलं, "सर, माझ्यासमोर रिकामी जागाच आहे. साठ फूट. मी कुठं बघू?" ते हसले, म्हणाले, छान प्रश्न आहे, आणि पुढच्या स्लाइडवर गेले. प्रमाणपत्र मात्र आलं.

आता सासऱ्यांबद्दल. आमच्याकडं सून सासऱ्यांना मामा म्हणते, तशी मीही म्हणते. मामा पंचाहत्तरीचे. आयुष्यभर त्यांनी तेर आणि तेरणाकाठच्या गावांतून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. मोटार विहिरीत बंद पडली की मामांना बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून ते आत उतरायचे, पाने-पक्कड दातांत नाहीतर खिशात. आता गुडघे गेलेत, म्हणून ते घरात दुरुस्त्या करतात. त्यांच्या हातात कायम शिलाई मशीनच्या तेलाची कुप्पी असते. दाराच्या बिजागऱ्या, पंखा, कपाटाची कडी, माझ्या स्कूटरचं स्टँड, सगळ्यांत तेल. आमच्या घरात कसलाच आवाज होत नाही, मांजर यावं तसा माणूस एकदम मागं येऊन उभा राहतो. यावरून मी त्यांना कितीदा बोलले असेन. त्यावर ते म्हणतात, "वाजतंय म्हंजे दुखतंय त्याला."

मी घरी सराव सुरू केला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोर बांधायचा, हार्नेस चढवायचा, दोर त्या आठातून ओवायचा आणि जिन्यावरून पाठमोरं, मागं झुकत उतरायचं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या बायका काम टाकून बघायच्या आणि ओरडायच्या, "आवो बाई, पडताल की!" "पाय बगून टाका!" नवरा खालून सूचना द्यायचा. मामा मात्र प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसते बघत राहायचे. एक शब्द नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मजा वाटतेय.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी म्हटलं, "मामा, सगळं जग मला शिकवतंय. तुम्ही आयुष्यभर दोरावर लोंबकळलात आणि तुम्हाला एक शब्द सांगावासा वाटत नाही?"

ते म्हणाले, "हिरीत माणूस असला की काठावर बोलायचं न्हाई."

"म्हणजे?"

"आत उतरल्याला आपलं काम ऐकू याया पायजे. वरनं धा जण वरडाय लागले की हातानं कुनाचं ऐकायचं? म्या उतरलो की काठावरले समदे गप. म्या दोर हलवला की वढायचं. बास."

"तुम्हाला भीती वाटायची का?"

"वाटायची की. रोज वाटायची."

"मग काय करायचे तुम्ही?"

"उतरायचो. मोटार खाली आसायची न्हव्हं."

हे उत्तर मला तेव्हा अगदी निरुपयोगी वाटलं. मी दोर गुंडाळायला लागले. मामा उठून जवळ आले, त्यांनी तो आठ हातात घेतला, दोर त्यातून ओढून पाहिला आणि मान हलवली. "तुजी कप्पी लई आवळ चालतीया." घरी माझं पूर्ण वजन दोरावर येत नव्हतं, दोरही नवा आणि जाड होता, त्यामुळं तो आठातून अडकत अडकत जायचा. मी म्हटलं, "मामा, ती कप्पी नाही," आणि कुकर लावायला खाली गेले. कप्पी नाही तर मग काय आहे, हे समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. शाळेत पन्नास मुलींना तीच गोष्ट चारदा समजावते, घरात एकदाही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याचं जे अवजार, ते धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. मामांची ही खरी दिवाळी. मी शाळेच्या पूजेला गेले होते. संध्याकाळी आले तर पाटावर त्यांचे पाने, हातोडी, नवऱ्याचा लॅपटॉप, घरातलं शिलाई मशीन आणि माझी कड्यावरची थैली. थैलीलाही हार. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दसरा. रविवारी निघण्याआधी मी ती थैली न उघडताच पाठीवर टाकली. मुलींना मी कायम सांगते की निघण्यापूर्वी आपलं सामान एकेक हातात घेऊन तपासा. मी स्वतः त्या सकाळी काय करत होते? पंधरा मिनिटं डोळे मिटून बर्फाचा उतार डोळ्यांसमोर आणत होते.

कड्यावर पोचलो तर जत्रा. दरवेळी दोन-तीन पालक यायचे. या वेळी सोयाबीनची रास टाकून क्रूझर भरभरून माणसं आली होती, कारण बाई उतरणार ही बातमी सगळीकडं गेली होती. गणिताचे सर आले होते. कुणीतरी चिवडा वाटत होतं. मी थैली उघडली.

आत झेंडूच्या पाकळ्या होत्या. हार्नेसच्या बकलांवर हळदकुंकवाची बोटं होती. आणि आठ चमकत होता. इतका चमकत होता की मी तो हातात घेतला आणि तो माझ्या बोटांतून निसटून गवतात पडला. तेल. आतून, बाहेरून, कडांना, हातमोज्यांनासुद्धा. घरातला तो ओळखीचा शिलाई मशीनचा वास त्या उघड्या माळावर माझ्या नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या आठाचं कामच दोराला अडवायचं आहे. दोर त्याच्याभोवती घासत, अडखळत जातो म्हणून माणूस हळूहळू खाली येतो. तो गुळगुळीत झाला तर दोर सरकन सुटणार. साठ फूट.

प्रमुखांनी तो उचलला, बोटांत घासला, वास घेतला. "हे काय आहे?"

"खंडेनवमी," मी म्हटलं. पुढं काही सांगावं लागलं नाही. सोलापूरकडचा माणूस, समजला.

ते म्हणाले, "माझ्याकडं जादा आहे. तो घ्या." मी नको म्हटलं. माझं मीच धुते म्हटलं. लोकांना वाटलं बाई स्वाभिमानी आहेत. खरं सांगायचं तर मला वेळ काढायचा होता. अर्धा तास मिळाला तर अर्धा तास. प्रमुख माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण असं धुवा की मी रुमालानं पुसल्यावर रुमाल पांढरा राहिला पाहिजे. मोजे माझे घ्या."

जवळच शेतकऱ्याचा आखाडा, म्हणजे रानातलं घर, होतं. तिथल्या माउलीनं चुलीतली राख, कपड्याची पावडर आणि काथ्या दिला. मी मोटारीच्या पाण्याखाली बसले आणि घासायला लागले. एकदा घासलं, वास गेला नाही. परत राख, परत पावडर. घासता घासता मी मामांशी भांडत होते. घरी गेल्यावर काय बोलायचं त्याची वाक्यं तयार करत होते. पहिलं वाक्य, "माझ्या सामानाला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?" दुसरं, "घरात एक वस्तू अशी ठेवू नका जिला तुमचं तेल लागलेलं नाही." तिसरं जमत नव्हतं, ते मला जास्त झोंबणारं हवं होतं. तीनदा धुतलं, उन्हात धरलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. खाचेत हळद अडकली होती ती काडीनं काढली.

तशीच तणतणत मी काठावर गेले. हार्नेस चढवला. बकल ओढून पाहिलं. आठ हार्नेसला अडकवायच्या कडीचा स्क्रू फिरवून पाहिला. दोर आठातून ओवला, उलगडला, पुन्हा ओवला, कारण आता माझा कशावरच विश्वास नव्हता. गाठ पाहिली, मागं दोर बांधलेल्या खांबाकडची दुसरी गाठ जाऊन पाहिली. प्रमुखांनी आठावरून रुमाल फिरवला. पांढरा. ते म्हणाले, "बाई, मागं झुका."

माझं तिसरं वाक्य नेमकं तेव्हा जमलं होतं. "आयुष्यभर लोकांच्या मोटारी चालू केल्यात, आता सुनेला बंद पाडायला निघालात काय?" ते मी मनात एकदा म्हणून पाहिलं, मला आवडलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या नाकासमोर दगड आहे. काळा, ओबडधोबड, भेगेत वाळलेलं गवत. मी काठाच्या दहा-बारा फूट खाली होते. मन एकाग्र झालं होतं खरं, पण म्हाताऱ्या सासऱ्याला कसं बोलावं याच्यावर.

आणि मग वरच्यांनाही ते दिसलं. जो गलबला झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. "बाई, खाली बगू नका!" "बाई, डावा पाय घ्या!" "आरं उजवा म्हन की, डाव्याखाली न्हाई काय!" "लई भारी, बाई, हिकडं बघा, व्हिडिओ काढतोय!" गणिताचे सर ओरडत होते, "चार आत! चार थांबा!" खालून मुली किंचाळत होत्या. मी डावा पाय उचलला, मग उजवा, मग कुठला उचलला होता हेच विसरले. हात दोरावर आवळला. मी थांबले. तीच ती सप्टेंबरमधली गोष्ट, फरक एवढाच की आता रांगत मागं जायला जागा नव्हती. मला रडू आलं. भीतीपेक्षा वैतागानं. ही एवढी चांगली माणसं, माझ्यासाठी काम सोडून आलेली, आणि त्यांच्यापैकी एकाला तोंड मिटता येऊ नये?

हिरीत माणूस असला की काठावर बोलायचं न्हाई.

उजवा हात दोरावर होता, तो सोडायचा नसतो. डाव्या हातानं मी गळ्यातली शिट्टी चाचपली, दातांत धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा वारा घालून वाजवली. लांब, एकच. शाळेच्या मैदानावर त्या शिट्टीचा अर्थ एकच असतो, जागच्या जागी सावधान. मुली गप्प झाल्या. आयाही गप्प झाल्या, त्यातल्या दोघी-तिघी माझ्याच हाताखालून गेलेल्या होत्या. त्यांच्याकडं बघून बाप्ये गप्प झाले. सर सगळ्यांत शेवटी गप्प झाले.

मग मला ऐकू आलं. लांब कुठंतरी मळणीयंत्र चाललं होतं. आणि माझ्या पोटाजवळ दोर आठातून जाताना आवाज करत होता, खरखर, खरखर. धरतोय, असं मला कळलं. हातानं थोडा दोर सोडला की खरखर, पाऊल. थोडा सोडला, खरखर, पाऊल. भीती गेली नव्हती, मुळीच नाही. ती सबंध वेळ माझ्याबरोबर उतरत होती. पण माझी मोटार खाली होती. चौदा मुलींची यादी घेऊन प्रमुखांचा सहायक कड्याच्या पायथ्याशी उभा होता.

खाली टेकल्यावर मी काही हात वगैरे उंचावले नाहीत. बाभळीखाली बसले आणि कुणाच्या तरी बाटलीतलं सगळं पाणी प्यायले. दुपारपर्यंत चौदाही मुली उतरल्या. सगळ्यांत लहानखोरी जी होती, ती उतरली, दोर सोडला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमी मदीच शिट्टी कामून वाजिवली? फाऊल झाला व्हता का?"

"झाला होता," मी म्हटलं. "वरच्यांचा."

घरी पोचले तेव्हा मामा गॅलरीत बसले होते. मी चप्पलही काढली नव्हती, तोच त्यांनी विचारलं, "कप्पी फिरली का?"

मी थैली त्यांच्यासमोर आपटली. तिन्ही वाक्यं म्हटली. चौथंही म्हटलं, जे ठरवलं नव्हतं. "ती कप्पी नाही, मामा! ती फिरायची नसते, तिनं दोर धरायचा असतो! तेल लावल्यावर दोर सटकतो आणि माणूस सरळ खाली जातो!"

मामांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. चाळीस वर्षं दोरावर काढलेला माणूस, ज्याच्या गाठीची आसपासच्या गावांत खात्री दिली जायची. त्यांचा चेहरा उतरलेला मी आजवर पाहिला नव्हता. ते म्हणाले, "तू तपासलंस का न्हाई?"

"तपासलं. धुतलं. तीनदा. म्हणून तर आले."

"तीनदा," ते म्हणाले. "बरं केलंस." ते आपले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि मला माझीच लाज वाटली. तरी मी म्हटलंच, "पण तुम्ही लावलंतच कशाला?"

"समदे म्हनत हुते, तुज्या मनात भ्या हाय, तुजं मन थाऱ्यावर न्हाई. मला काय तसं दिसंना. म्या रोज बगत हुतो. तू रोज गच्चीवर येत हुतीस. म्या म्हनलं, पोरगी बराबर हाय, कप्पीच आवळ हाय."

दीड महिना सगळेजण मला दुरुस्त करत होते, मी स्वतःही करत होते. मला वाटलं होतं हा म्हातारा मजा बघतोय. आणि त्या घरात, त्या शाळेत, त्या सबंध गावात हा एकच माणूस होता ज्याला माझ्यात काही बिघडलेलं दिसलं नव्हतं.

मी त्यांच्या पायाशी बसले. दोराचा तुकडा आणला, आठातून ओवला आणि जी दोन मिनिटं त्या दुपारी दिली नव्हती ती दिली. मामांनी दोर ओढला. अडकला. जोर लावून ओढला. अडकला. खरखर ऐकायला त्यांनी तो कानाजवळ नेला. वाजतोय ते बरोबर आहे, हे पटायला त्यांना वेळ लागला.

"म्हंजे हिनं आडकायलाच पायजे," ते म्हणाले.

"हो, मामा."

त्यांनी आठ काळजीपूर्वक थैलीत ठेवला, नाडी बांधली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मंग हिच्यात बी काय बिघाड नव्हता, आन तुज्यात बी नव्हता. दीड म्हैना आपन समद्यांनी दुरुस्त काय केलं गं?"